अंदाज नको, आलेख आणा

ऐकायचंच आहे ना तुम्हाला माझ्या फजितीचं? मग चहा ओता आणि खुशाल हसा. मला मात्र त्या गोष्टीवर अजून नीट हसता येत नाही.

सव्वीस वर्षं झाली, बडोद्याबाहेरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी रसायनं तपासते. पावडरीत काय आहे आणि काय नसायला हवं होतं, ते शोधायचं. छोट्याशा बाटलीत नमुना घालायचा, बाटली तापवायची, आतली वाफ मशीनमध्ये सोडायची. मग प्रत्येक पदार्थाचा आलेखावर एकेक डोंगर उमटतो. प्रयोगशाळेत माझं एक वाक्य प्रसिद्ध आहे: अंदाज नको, आलेख आणा. कुणी "मॅडम, मला वाटतं" एवढं म्हणालं की मी हात वर करायचे. पुढचं वाक्य ज्याचं त्याने गिळायचं.

तर मागच्या संक्रांतीनंतर एका मालाच्या तपासणीत एक अनोळखी डोंगर उगवला. अगदी छोटा, पण तिथे त्याचं काय काम?

नमुना तयार केला होता हेतलने. पाणीगेटची मुलगी, कामाला लागून सहा महिने होत आलेले. तिला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. त्यांच्या घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. मी काय केलं असेल? बाटल्या नीट धुतल्या नाहीस म्हणून तिला सगळ्यांसमोर झापलं आणि ते पत्र खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता मीच करते. धुण्यापासून सगळं माझ्या हाताने. आणि डोंगर दुप्पट! माझ्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं, निदान माझ्या मते. म्हणजे या मुलीने सगळी काचेची भांडीच खराब करून ठेवली असणार. ती काहीतरी बोलायला गेली, माझा हात वर गेला.

तिसऱ्या दिवशी मी दातासाठी रजेवर होते. चौथ्या दिवशी येऊन बघते तर टेबलावर हेतलचा आलेख. तोच माल, आणि रेघ स्वच्छ. डोंगर गायब!

आता तुम्ही असता तर खूश झाला असता. मी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "तू नमुना बदललास का?"

आमच्या धंद्यात हा चोरीचा आरोप. असा शेरा एकदा लागला की दुसरीकडेही कुणी उभं करत नाही. पोरीचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही. माझ्या मनगटाकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, खोटुं ना लगाडशो. तमारी घडियाळनो पट्टो सूंघी जुओ."

रागावू नका, पण घड्याळाचा पट्टा हुंगून बघा म्हणे! मी हुंगला. काहीच वास नाही. सव्वीस वर्षांच्या रसायनांनी माझं नाक केव्हाच निवृत्त केलंय.

पण डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या नागरवाड्यात संक्रांत ते रथसप्तमी रोज संध्याकाळी कुणाकडे तरी हळदीकुंकू. प्रत्येक घरी मनगटाला अत्तर, थंडीचं म्हणून हिना. हात धुतला जातो हो, घड्याळाचा कापडी पट्टा कोण धुतं? आणि विचार करताना तो पट्टा बोटांनी फिरवत राहायची मला खोड. त्यात हातमोजे सगळ्यांना सक्तीचे, मी सोडून. प्रत्येक बाटलीचं झाकण काढून आतलं रबर उघड्या बोटाने दाबून बघायचे मी. बोटाला जे कळतं ते हातमोज्याला कळत नाही, ही माझी ऐट.

रिकामी बाटली घेतली, पट्टा चोळला, रबराला बोट लावलं, बाटली मशीनमध्ये ठेवली. वीस मिनिटं आम्ही दोघी मशीनच्या पडद्यावर सरकणारी रेघ बघत होतो. डोंगर बरोबर त्याच जागी.

मी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहेला ज दिवसे. बधाने खबर हती."

सगळ्यांना माहीत होतं! लाखोंचं मशीन जे सांगत होतं ते प्रत्येकाच्या नाकाला दारातूनच कळत होतं. पण मॅडमना अंदाज चालत नाही ना. म्हणून बिचारी माझ्या रजेची वाट बघत थांबली आणि आलेखच घेऊन आली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिची माफी मागितली, खणातून पत्र काढून तिच्यासमोर सही केली.

मग चौकशीचा कागद भरायला घेतला. मूळ कारण: अत्तर. आमच्या साहेबांनी परत पाठवला, याहून खोल जा म्हणाले. मी विचार करून लिहिलं: प्रयोगशाळेतल्या लोकांना माझी भीती वाटते. तोही परत आला. शेजारी लाल शाईत: पुरावा जोडा.

घ्या! हेतल धरून प्रयोगशाळेतल्या पाचही जणांना बोलावलं. शक्य तितक्या प्रेमाने विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला माझी भीती वाटते का?"

पाचही जण ताडकन उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "ना, मॅडम."

मी कागदावर लिहिलं: पुरावा मिळाला.