जावयाची थाळी फुकट

हॉटेलात कूपन वापरून जेवणं परवडतं का, असं कोणी मला विचारलं, तर मी आधी त्याला माझ्या नवऱ्याबरोबर आठ दिवस राहायला सांगीन. नववा दिवस उजाडायच्या आत तो स्वतःच उत्तर देईल.

रिटायर झाल्यापासून या माणसाला कूपनचं वेड लागलं. पेपर आला की आधी कात्री. भाजी आणायला गेले की दुकानादुकानातून कागद गोळा करून आणायचे. एकदा दोन पनीरच्या भाज्यांवर तिसरी फुकट होती. दोघांचं घर, तीन भाज्या! उरलेलं पनीर मी सकाळ-संध्याकाळ खाल्लं, तरी संपेना. एकदा तर फुकटच्या आइस्क्रीमसाठी मला यवतमाळहून थेट वणीला नेलं. भर उन्हात कोळशाच्या ट्रकांमागं धूळ खात गेलो आणि तिथं कळलं की आधी जेवण घ्यावं लागतं. भूक कोणाला होती? तरी जेवलो. येताना मी म्हटलं, "पेट्रोलचं काय?" तर म्हणे, "तुले हिशोबच समजत नाई." मी हात टेकले.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण याच कूपनांनी माझ्या जावयाचं माझ्या घरचं जेवण बंद केलं होतं.

आमच्याकडं लग्नाचं आवतन चूलबंद देतात. म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडं जेवायला यायचं. मुलीच्या लग्नात यांनीच घरोघरी जाऊन चूलबंद आवतन दिलं आणि केटररनं ताटावर भाव सांगितल्याबरोबर हेच बोटांवर ताटं मोजू लागले. मग काय? कूपनं छापली! एका माणसाला एक. अहो, ज्याला चूल विझवून या म्हटलं, त्याला दारात कागद मागायचा? मी डोकं आपटून सांगितलं. ऐकतील तर शपथ.

नवऱ्या मुलाकडच्या लोकांना कूपन लागणार नाही, असं ठरलं होतं. फेटा दिसला की सोडायचं. पण जावयाच्या मोठेबाबांनी उन्हानं जीव घाबरला म्हणून फेटा काढून ठेवला होता. मोठेबाबा म्हणजे जावयाच्या वडलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच या पोराला वाढवलं, फुलसावंगीकडच्या आपल्या शेतात राबून शिकवलं. ते साध्या धोतर-टोपीत ताट घ्यायला गेले आणि वाढणारा माणूस म्हणाला, "कूपन दाखवा." मोठेबाबांनी ताट खाली ठेवलं. मी नवरदेवाचा मोठा बाप आहे, एवढं जरी म्हणाले असते! ते मुकाट्यानं बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. परत जाताना त्यांनी गाडी थांबवून केळी घेतली, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की हा माणूस उपाशी निघालाय.

तेव्हापासून जावई आमच्याकडं यायचा, पाया पडायचा, पण ताटावर बसायचा नाही. "पोट भरलं हाये, मामी." दर वेळी तेच. चहासुद्धा नाही, नुसतं पाणी. भांडला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द ऐकून घेतले असते. मुलगी आमच्याकडं एकटी जेवायची, तीही घाईघाईनं, मान खाली घालून. पोटची पोर पाहुण्यासारखी जेवताना पाहिली की मी माझं ताट बाजूला सारायची.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवू घालतात, आणि लग्नानंतरचा पहिला तर चुकवतच नाहीत. मी स्वतः फोन केला, मोठेबाबांना घेऊनच या म्हटलं. जावई "येतो" म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच दिवशी पुरणाची डाळ निवडून ठेवली.

आणि आदल्या दिवशी हे कागद नाचवत आले. "पाहा! लोहारा रोडवरच्या नव्या हॉटेलात चार थाळ्या घेतल्या की जावयाची थाळी फुकट! आपण बरोबर पाच जण होऊन राह्यलो!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, पुन्हा कूपन? काही लाज?"

"अवं, येवढ्या उन्हाची गॅसपाशी कायले उभी राहतं? तुह्यासाठीच म्हणून राह्यलो ना."

माझ्यासाठी! पण त्या उन्हापुढं आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यांपुढं हार मानून मी हो म्हटलं. आजही त्या होकाराचा मला राग येतो. निदान कूपन कोणाच्या नजरेस पडू देऊ नका, आधीच काउंटरवर देऊन या, असं मी दहादा बजावलं. "हो, हो," म्हणाले. यांचं हो म्हणजे काय, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

हॉटेलात एसी होता, ताटं मांडून लोणचं-कोशिंबीर वाढलेली होती. मोठेबाबा टोकाच्या खुर्चीवर बसले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि घरच्या पाटावर बसल्यासारखं टेबलावरच ताटाभोवती फिरवलं. जावई समोर बसला होता. मोठेबाबांनी टोपी सरकवून डोळे मिटले, ते पाहून त्याचा चेहरा जरा सैल झाला. मुलीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

तेवढ्यात वाढणारा आला. हातातल्या भांड्यात चमचा घातलेलाच होता. मोठेबाबांच्या ताटाशी थांबून म्हणाला, "ऑफरची थाळी आहे ना? आधी कूपन दाखवा, मग वाढतो."

मोठेबाबांचे डोळे उघडले. त्यांनी ताटावरचा हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. मी यांच्याकडं पाहिलं. हे खिसे चाचपत होते! एका खिशातून पिझ्झ्याचं निघालं, दुसऱ्यातून उसाच्या रसाचं, मग एक चपलांच्या दुकानाचं. "आताच तं ठेवलं होतं," म्हणत एकेक कागद चष्म्याजवळ नेऊन वाचत होते. देवा रे देवा! त्या क्षणी मला हा माणूस नको झाला होता.

जावयानं खुर्ची मागं सारली. "चला, मोठेबाबा. आपलं पोट भरलं हाये."

"सापडलं!" हे ओरडले आणि कूपन वर धरलं.

मी ते हातातून ओढलं आणि टराटरा फाडलं. वाढणारा चमचा धरून बघतच राहिला. मी म्हटलं, "उठा, सगळेच उठा. पण कोणी गावाकडं जायचं नाही, घरी चलायचं. पोट भरलंय ना? मग नुसतं बसा माझ्या घरात. पण भरल्या पोटाचं खोटं आता मला सांगू नका, वर्षभर ऐकून माझे कान किटलेत!" आवाज चढला होता, आजूबाजूची माणसं घास थांबवून बघत होती. बघू देत. जावयाशी असं बोलतात का? नाही बोलत. पण मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यात जे तोंडाला आलं ते बोलले.

जावई हलेना. मोठेबाबाच उठले. "चाल रे," ते त्याला म्हणाले. "बाई येवढी म्हणते तं चाल."

घरी पुरण शिजवायला वेळ नव्हता. कुकर लावला, वांग्याची भाजी टाकली, मुलीनं पोळ्या लाटल्या. आंबे होते, त्यांचा रस केला. यांना मी सांगितलं, "तुम्ही वाढायचं. आणि तोंड बंद ठेवायचं." हे गरम वरणाचं पातेलं घेऊन मोठेबाबांसमोर वाकले. मोठेबाबांनी पुन्हा ताटाभोवती पाणी फिरवलं आणि यांच्याकडं, आपल्या व्याह्यांकडं, पाहिलं.

"इवाई," ते म्हणाले, "कूपन नाई बरं माह्यापाशी."

त्यांच्या मिशीत हसू होतं. पण यांचे कान लाल झाले. पातेलं खाली ठेवून यांनी हात जोडले. "चुकलं माह्यं, इवाई. तवाच यायले पाहिजे होतं तुमच्या दारी. तोंड नाई झालं." एवढ्या वर्षांच्या संसारात मी या माणसाच्या तोंडून "चुकलं" ऐकलं नव्हतं.

"वाढा मंग. वरण थंडं होऊन राह्यलं," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांनी पहिला घास घेतला.

जावई त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, रसाची वाटी तोंडाला लावली. मग जावयानं आपल्या ताटातला भात कालवला. मी तर स्वयंपाकघराच्या दारातून हललेच नाही.

ताट रिकामं झालं तेव्हा त्यानं मान वर केली. "मामी, भात हाये काय अजून?"

मी पातेलंच उचलून आणलं. आमच्याकडं पाहुणा दोन्ही हात आडवे करून "पुरे, पुरे" म्हणतो, तरी आपण वाढायचं असतं. मी वाढत राहिले आणि तो काही पुरे म्हणाला नाही.