मशिदीच्या माळवदावरची माती

हुसेनभाई मणेर गेल्याचं मला लेकीच्या गावाहून परतल्यावर बाजारात कळलं. त्यांच्या जागेवर मिरचीवाली बसली होती. हटकलं, तर म्हणाली, "ते आता कशाला येत्यात, परवाच गेले की." जोंधळे न घेताच घरी आले... त्याला महिना होत आला. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढ्यात जमेल ते लिहिते.

आमचं गाव बेंबळीपासून दोन कोसांवर. हुसेनभाई गावातच बांगड्या भरायचे. हात हलका, तोंड तिखट. कुणी हात आखडला की म्हणायचे, "वैनी, भांडण मालकाशी, राग माझ्या काचंवर का?" बांगड्या भरून झाल्या की त्यांना वाकून नमस्कार करायची रीत होती.

निजामाचं राज्य गेलं, रझाकारांची भीती गेली नाही. ती खोटी नव्हती. माझ्या भावाचं घर जळालं होतं. विलीनीकरणानंतर पंचांनी ठरवलं, बाजार सगळ्यांना खुला, नाहीतर गावाला मीठ-कापड कुठलं मिळणार? मशिदीला मात्र कुलूप. तिथं कोण जमेल, काय लपवेल, सांगता येत नाही. आमचे मालक पंचांत होते. हुसेनभाई चावडीत म्हणाले, "झडती घ्या, दारात माणूस बसवा. पर माझ्या बांगड्या चालत्यात आन् नमाज चालत न्हाय, असं कसं? माणूस तर मी एकच हाय." पंचांनी कुलूप लावलं. किल्ली आमच्या घरात, देवळीजवळच्या खिळ्यावर आली. ते बाजारात बसत राहिले, नमाज ओढ्याकाठी पढत राहिले.

पुढच्या साली मृगाच्या तोंडावर ते दारात आले. मालक तुळजापूरला गेले होते. माळवदावर, मातीच्या त्या सपाट छतावर, दर साली पावसाआधी पांढरी माती टाकून चोपावी लागते, नाहीतर ते गळतं, आणि मशिदीचा जिना आतून होता. दुपारपुरती किल्ली द्या, म्हणाले. मी म्हणाले, "किल्ली चावडीत हाय." मालकांना भिऊन नव्हे, भावाचं जळकं घर माझ्या डोळ्यांपुढं होतं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, खिळ्यावर थांबली. "बरं," म्हणाले आणि गेले.

त्या पावसात माळवद खाली आलं. मग पंचांनी कुलूप काढलं. आत राहिलंच काय होतं? हुसेनभाईंनी खपून ते पुन्हा उभं केलं, दर साली मातीही तेच टाकायचे. लेकीच्या लग्नात तिचा हिरवा चुडा आणि माझ्या बांगड्या त्यांनीच भरल्या, पण ओसरीवर आले नाहीत, पायरीवरच बसले. लेक वाकली. मी वाकले नाही... मला ते झालं नाही.

परवा त्यांच्या बायकोला, जैनबीला, भेटायला गेले आणि किल्लीचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "घरात कधी बोलले न्हाईत ते." तिनं पाणी पुढं केलं. त्या घरात मी आजवर पाणी घेतलं नव्हतं, ते प्याले. बोलून मी मोकळी झाले. तिला मात्र आता ते ठाऊक झालं.

येताना मशिदीवरून आले. माळवदावर गेल्या सालचं वाळलं गवत आहे. मृग चार दिवसांवर आलाय, माती अजून पडलेली नाही.