बांधापासून एक साल लांब

बारावीचे शेवटचे दोन पेपर मी दिलेच नाहीत. त्याच आठवड्यात देवगाव रंगारीच्या शिवारात मी चुलत भावाच्या डोक्यात फावडं घातलं होतं.

भांडण बांधाचं. आमच्याकडं नांगरताना जो तो आपल्या बाजूनं सामाईक बांध वीतभर कोरतो. त्या साली चुलत्यानं कोरला. माझ्या बापानं त्याला ढेकळांत पाडून तुडवला. भाऊ धावून आला, तसा मी मारला. त्याच्या कानातून रक्त आलं. बाप ओरडला, "आणखी एक घाल!" मी घातला. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

भाऊ वाचला, पण एका कानानं बहिरा झाला. पोलिसांत कुणी गेलं नाही, कारण गारखेड्याची आत्या मधी पडली. बाप आणि चुलता, दोघांची ती सख्खी बहीण. म्हणाली, "ह्याला एक साल देशाबाहेर काढते. मग शिकू दे, नाय तर मरू दे." तिच्याच ओळखीनं मी ओमानात खजुराच्या बागेत लागलो. भीती एकच होती: परत गेल्यावर बाप पुन्हा म्हणंल घाल, आणि मी घालीन.

तिथंही पहिल्याच महिन्यात पाण्यावरून सोबतच्या गड्यावर फावडं उगारलं. म्हाताऱ्या मालकानं ते हिसकलं, मुस्काटात ठेवून दिली आणि मला कालव्यावर ओढत नेलं. तिथं एक काठी रोवलेली. तिची सावली ठरलेल्या दगडाला टेकली की पाणी शेजाऱ्याचं. शेजारी तर आलेलाच नव्हता. तरी मालकानं वाकून आपल्या बागेत पाणी येतं ते तोंड बंद केलं.

मी आपल्या औरंगाबादी हिंदीत म्हणालो, "चाचा, देखने कू कोन हय?"

"टाइम उसका है," एवढंच तो बोलला.

मग वर्षभर ते तोंड मीच बंद केलं. आमची झाडं सुकलेली असायची, लई जिवावर यायचं.

पेरणीच्या तोंडावर घरी आलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही घरं पुन्हा बांधावर. बाप म्हणाला, "बघतो काय? घाल!"

"नाय दादा," बापाला म्हणत मी हातातलं फावडं बांधालगतच्या विहिरीत टाकलं.

बापानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्यावरच घातला. मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा बसायच्या आत चुलत भावानं बापाला मागून कवटाळलं.

तालुक्याला, कन्नडच्या दवाखान्यात आत्या रडत आली. "ह्याच्यासाठी धाडला होता का रे तुला?"

"व्हय," मी म्हणालो. तिला वाटलं, थट्टाच करतोय.

आता पुन्हा इथंच, ओमानातल्या बागेत आहे. शाळा सुटली ती सुटलीच. गावाकडचा फोन वाजला की अजून धास्तावतो, बाप काय करून बसला असंल म्हणून. स्वतःची धास्ती मात्र वाटत नाही. आत्याला हे कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.