पोचलंसर

प्रत्येक वाक्यानंतर कानामागे हात धरून "पोचलं?" विचारणारे दुसरे मास्तर मी पाहिले नाहीत. अख्ख्या वर्गाने "पोचलं" म्हटल्याशिवाय त्यांचा खडू पुढे सरकत नसे. बारामतीच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांचे ते पोचलंसर.

शिकवायचे डेटा लिंक, म्हणजे दोन यंत्रांनी आपसात बोलायच्या रीती. फ्रेमच्या, म्हणजे यंत्रं एकमेकांना धाडतात त्या पाकिटांच्या, तीन जाती आम्ही पाठ केल्या त्या त्यांच्या सणसर गावच्या बोलीत. "एक माल नेती. दुसरी नुसती सांगती, पोचलं, न्हायतर जरा थांब. तिसरी बोलणं सुरू करती आन् मोडती. निघताना सांगून निघायचं रं, न्हायतर पलीकडचा वाट बघत बसतो." एकदा मी सवयीने "पोचलं" म्हणालो, तर त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून तेच समजावायला लावलं. मी तिन्ही जातींची खिचडी केली. सर हसले. "पोचलं म्हंजी समजलं न्हवं. पोच देणं येगळं, डोक्यात शिरणं येगळं."

कोणी कधी बोलायचं याचे मोड शिकवताना ते घरच वर्गात आणत. नॉर्मल मोडमध्ये एक यंत्र मालक. त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. बॅलन्स्ड मोडमध्ये दोघं बरोबरीचे. "आमच्या घरी बॅलन्स्ड हाय. तुमची काकू बी बोलती, मी बी बोलतो. कुणी कुणाचं ऐकत न्हाय, त्यो भाग येगळा!"

गेल्या दिवाळीनंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. मी भवानीनगरला त्यांच्या घरी गेलो. सर खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित.

"सर, ओळखलंत मला?"

"पोचलं."

मी केवढा हरखलो! काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"तेवढाच शब्द उरलाय बघ. च्या घेता का, पोचलं. दुखतंय का, पोचलं. आपणहून तर बोलतच न्हाईत. मी विचारायचं, तवा." डॉक्टरांनी आता आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. काकू मात्र दिवसभर विचारत राहतात. "एकदा तरी न्हाय म्हनतील. भांडतील तरी."

मला तिथे बसवेना. पण न सांगता निघायची सोय सरांनी ठेवली नव्हती.

"सर, येतो मी."

"पोचलं."

सांगून निघालो, पोचही मिळाली. वर्गात याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. मी बाहेर येऊन चपला घालत होतो, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"अवो, कोण आलं हुतं, वळिकलं का?" मग हळूच, "आन् मी कोण हाय?"

"पोचलं," सर म्हणाले.