लाल पट्ट्या

वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होते. ब्रेकच्या स्प्रिंगा दाबून बघायच्या, ठरलेल्या उंचीला किती जोर लागतो ते वहीत लिहायचं, हे काम एक मावशी करायच्या. मूळच्या पिशोरच्या, राहायला बजाजनगरात. दिवसभर हातानं दांडा ओढून त्यांचा खांदा भरून यायचा. मग मोटरवालं मशीन आलं. स्प्रिंग ठेवून बटण दाबलं की दाबणं, मोजणं, नोंद करणं सगळं कॉम्प्युटर करायचा. प्रोग्राम मी लिहिला होता. मावशींचा खांदा दुखायचा थांबला, याचा मला अभिमान होता.

प्रत्येक नोंदीवर वेळ पडायची. एकदा साहेब म्हणाले, "दोन नोंदींमधलं अंतर दाखवता येईल का?" मशीन कुठं अडतंय ते बघायचं असेल, असं मला वाटलं. अर्ध्या तासात आलेख करून दिला. पाच मिनिटांच्या वर गेलं की लाल पट्टी.

सोमवारच्या मीटिंगला तो आलेख भिंतीवर दिसला. पंधरा-वीस पुरुष बसलेले, मावशींना दाराशी उभं केलेलं.

"अकरा वाजता नऊ मिनिटं, साडेबाराला परत आठ," साहेब म्हणाले. "कुठं असता?"

साहेबांनी दोनदा विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "संडासला जाते साहेब. बायांचा संडास पार गेटपाशी हाय. अंगावरून लई जातंय. अजून काय सांगू?"

कुणीतरी खिदळलं. साहेबही हसले. "पुढच्या हप्त्यात लाल दिसायला नको."

मला शिसारी आली. त्यांची आलीच, पण स्वतःची जास्त. मी खाली मान घालून बसून राहिले.

पुढच्या सोमवारी एकही पट्टी नव्हती. मी नोंदी उघडल्या. मध्येच ओळीनं वीस-वीस आकडे जवळजवळ सारखे. मशीन जुळवताना लागतं म्हणून मी 'पुन्हा-पुन्हा' असं एक बटण ठेवलं होतं; ते दाबलं की मशीन तीच स्प्रिंग आपोआप दाबत राहायचं. मावशी एकच स्प्रिंग लावून, ते बटण दाबून संडासला जात होत्या.

"व्हय, मीच करते," त्या म्हणाल्या. "वर सांगणार का?"

"नाही."

बनलेल्या स्प्रिंगांपेक्षा तपासलेल्या जास्त निघत होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांनी तोच आलेख ग्राहकाच्या माणसांना दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी समोसे खाल्ले.

त्या दुपारी मी अंतर मोजणारा भाग पुसून टाकला. साहेबांना जाऊन सांगितलंही, "मी काढलंय. बाईमाणसाची मिनिटं मोजायला नव्हतं केलं ते."

ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या माणसाकडून ते परत बसवून घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं त्यानं. आता तीन मिनिटांनाच पट्टी लाल व्हायची.

महिनाभरात मी राजीनामा दिला.