डोंगराच्या अंगाने गाव वसवणाऱ्या सरगरबाई

प्रा. मालन सरगर यांना मी प्रथम पाहिले ते सांगलीत, वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात. "आपापलं गाव काढा," असे सांगून त्या बाकांमधून फिरत होत्या. मी कोरेगावचे रस्ते पट्टीने झरझर आखले. बाई थांबल्या. "पावसाचं पाणी तुमच्या गावात कुठून येतं, कुठं जातं?" मी पट्टी खाली ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी आहे.

बाई मूळच्या जतच्या. मेंढरांमागे माळ तुडवणाऱ्या घरातल्या त्या पहिल्या पदवीधर. गोव्यात राहून त्या पोर्तुगीज शिकल्या आणि पोर्तुगीजांनी घडवलेल्या शहरांच्या अभ्यासाला त्यांनी उभे आयुष्य दिले. ही शहरे वाकडीतिकडी, म्हणजे आराखड्याविना वाढलेली, असे पुष्कळांचे मत. बाईंनी लिस्बन, पोर्तो, ब्राझीलमधले साल्व्हादोर, मकाव यांचे जुने नकाशे शेजारी शेजारी मांडले. रस्ता डोंगराच्या अंगाने वळवायचा, वाटा मिळतात तिथे चौक सोडायचा, वर वस्ती आणि खाली बंदर ठेवायचे. हाच तो आराखडा, हे त्यांनी सिद्ध केले. पोर्तुगीज राजवटीचे जुलूम मात्र त्यांनी कधीच झाकले नाहीत.

माझी आई सांगलीच्या दवाखान्यात होती, तेव्हा बाई रोज सिटीबसने भाकरीचा डबा घेऊन येत. आईशी आपल्या लहानपणच्या मेंढरांविषयी बोलत बसत. आईला हसताना मी त्या दिवसांत तेवढ्याच वेळी पाहिले.

पुढे कृष्णाकाठचे एक पूरग्रस्त गाव टेकडीवर हलवायचे ठरले. आराखडा माझाच होता: बुद्धिबळाच्या पटासारखा. मन खात होते, म्हणून बाईंना बोलावले. त्यांनी दोन दिवस टेकडी पायी पालथी घातली आणि म्हणाल्या, "हे रस्ते न्हाईत, पावसाळ्यातले ओढे हायत." मग त्यांनी चुन्याने नवी, वळणाची वाट आखली.

टेकडीच्या पायथ्याशी भरलेल्या ग्रामसभेत गावातले निवृत्त सुभेदार उसळले. "आवं बाई, सरळ रस्ता म्हंजे शिस्त. आमाला वाकडं गाव नगं!"

त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू उठल्या. "ह्यांनी पाणी कवा भरलंय? मला इचारा की."

भरलेली घागर डोक्यावर घेऊन काकू आधी माझ्या सरळ रेषेने चढल्या. निम्म्यात घागर उतरवून बसल्या. दम खाऊन खाली आल्या आणि मग बाईंच्या वाटेने निघाल्या. सारे गाव खाली उभे राहून बघत होते. त्या कुठेही न थांबता माथ्यावर पोचल्या आणि वरूनच ओरडल्या, "हीच वाट!" एकेक करत सगळे हात वर झाले. सर्वांत शेवटी सुभेदारांचा. मी त्याच आठवड्यात माझा नकाशा रद्द केला. आयुष्यात हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

गाव उभे राहिले. त्यानंतर दोन पावसाळे धो धो कोसळले. एकाही उंबऱ्याच्या आत पाणी आले नाही. लिस्बनच्या परिषदेत बाईंनी साल्व्हादोर आणि मकावच्या नकाशांशेजारी आपल्या या गावाचा नकाशा लावला, तेव्हा सारे सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले. ही बातमी ऐकून सुभेदार म्हणाले, "गाव वाकडं हाय गड्या, पण लय शिस्तीत बसलंय!"

बाई आज पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. अजूनही त्या यवतेश्वरच्या डोंगराचा चढ आमच्या पुढे चढतात आणि वर पोचून आमची वाट पाहतात. त्यांच्या गुडघ्यांतले बळ आणि नजरेतली धार शंभरीपार टिको, आणि त्यांना गाठताना आमची अशीच दमछाक होत राहो.