चेसिसवरचा खडू

रायपूरच्या आमच्या वर्कशॉपात लिलावातला जुना फौजी ट्रक आला, की त्याले पहिला हात लावायचा मान बाबांचा. मान कसला, हट्टच. चेसिसवरचा रंग खरडायचा, वरून खडू घासायचा अन् पांढरे उमटलेले आकडे वाचायचे. त्या आकड्यांवरून गाडी कोणत्या सालची, इंजिन मूळचं की बदललेलं, हे मले कळते. बाबाले त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ते एकच नंबर शोधत होते.

माझा मोठा भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. घाटात त्याचा ट्रक कड्यावर आदळला अन् तो जागीच गेला. चौकशीत चूक ड्रायव्हरची निघाली. बाबा रेल्वेत ब्रेक फिटर होते. ते म्हणत, चौकशी गेली खड्ड्यात, ब्रेकच फेल झाले असतील. तसं काहून म्हणत, हे घरात सगळ्याले ठाऊक होतं. शेवटच्या सुट्टीत भाऊ म्हणाला होता, झोपच मिळत नाही, स्टिअरिंगवर डोळा लागते, मी आता परत जात नाही. बाबांनी त्याले कामचोर म्हटलं अन् स्वतः स्टेशनवर नेऊन गाडीत बसवून दिलं.

यंदा नवा रायपूरकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं फाटकात शोभेले ठेवायचा म्हणून एक ट्रक पाठवला. नाक चेपलेलं, वर्षानुवर्षं डेपोत तसाच पडून असलेला. लोक फोटो काढतील म्हणे. काय एकेकाची हौस! बाबांनी खडू घासला अन् आकडे दोन-दोनदा वाचले. भावाच्या चौकशीच्या कागदावरचा तोच नंबर होता.

मले वाटलं, बाबा जेवायले गेले की ब्रेकचा एखादा फुटका पाईप जोडून ठेवू, म्हातारा निदान सुखानं झोपेल. पण ते जेवायले गेलेच नाही. चाकं उतरवली, ड्रम खोलले, पाईप बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेले. ब्रेकचे लायनर जाड होते, झिजलेले नव्हते. पाईप कुठंच फुटला नव्हता. बाबा, सोडा न आता, असं मी दोनदा म्हटलं, पण त्यांचं माझ्याकडं ध्यानच नव्हतं.

शेवटी लायनरवर बोट ठेवून ते म्हणाले,

"ब्रेक चांगले होते. पोट्टा खरं सांगून राहिला होता मले."

मग त्यांनी सगळे नट परत जागच्या जागी कसले, हात धुतले अन् घरी गेले. तेव्हापासून खडू मीच घासतो.